काठवटीतली बोगनवेल

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर सकाळ आहे. मागे, कुणा पेंटरने सावकाश रंगवून टांगावा तसा माथेरानचा डोंगर, सपाट डोक्याचा. पुढे उल्हास नदी. मार्गशीर्ष लागल्यामुळे ती रोडावली आहे आणि धोंड्यांना वळसे घालत, कुणाला त्रास न देता निघाली आहे. नदीकाठी दहिवली, आणि दहिवलीच्या टोकाला मंगलोरी कौलांचा एक बंगला. उजेड हळूहळू बंगल्याच्या दिवाणखान्यात शिरतो. मधोमध शिसवी टिपॉय. टिपॉयवर काठवट, बायका भाकरीचं पीठ मळतात ती, लाकडाची, पसरट. काठवटीत माती, मातीत दीड वीत उंचीचं एक झाड, आणि झाडाच्या खांद्यावर काश्मिरी शाल. शेजारी शेगडी पेटलेली.

उजवीकडून नायक येतो. वय चाळिशीच्या आसपास, धोतर गुडघ्याच्या वर, बंडीला एकही गुंडी नाही, हातात झारी. तो शाल बाजूला करतो, झाडाला नखशिखांत न्याहाळतो आणि म्हणतो, "उठा राणीसाब. न्हायची येळ झाली."

हा पोपट म्हसे. नाव पोपटाचं, आवाज कावळ्याचा, आणि बोलण्याचा सोस दोघांचा मिळून. खालापूर तालुक्यातल्या वावोशीला, खाचरं कमी आणि भाऊ जास्त अशा घरात तो जन्मला. सोळाव्या वर्षी कर्जत स्टेशनात इंजिनं धुवायला लागला आणि सहाव्या दिवशी एका ड्रायव्हरला गाडी घाटात कशी घ्यायची ते समजावून सांगितलं. सातव्या दिवशी तो घरी होता. मग भाताच्या गिरणीत गेला. तिथे तांदळाची एवढी कणी का होते ते त्याने मालकाला सांगितलं, गिऱ्हाइकांच्या देखत. मग एका देवळात झाडलोटीला राहिला. तिथे तो पुजारीबुवांना एवढंच म्हणाला, "बुवा, आरती तुमी म्हनताय ती बरोबर हाय, पर देवाला झोप लागती." लग्नाच्या बैठकीत बायजाच्या बापाने विचारलं, "मुलगा करतो काय?" मध्यस्थाने मान खाली घालून उत्तर दिलं, "बोलतो."

तरी लग्न झालं. बायजाने त्या मध्यस्थाला जन्मभर शिव्या घातल्या, पण पोपटाला दुसऱ्या कुणी शिवी दिलेली तिला खपायची नाही. तो हक्क तिने स्वतःकडे राखून ठेवला होता.

शेवटी दैवाने पोपटाच्या हातात कुदळ दिली. घाटातल्या रेल्वेवर कामाला असलेल्या एका गोऱ्या इंजिनियराने दहिवलीत हा बंगला बांधला होता आणि त्याला माळी हवा होता. त्या साहेबाला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, म्हणून पोपट तिथे नऊ वर्षं टिकला. मागच्या अंगाला दोन खोल्या मिळाल्या, दारात बायजाने तुळस लावली, आणि पोपटाला एक गोष्ट उमगली. झाडं ऐकून घेतात. उलटून बोलत नाहीत आणि कामावरूनही काढत नाहीत.

बेचाळीस साली साहेब लढाईवर गेला. त्याच उन्हाळ्यात मुंबईवर जपानी बॉम्ब पडणार अशी हूल उठली आणि मुंबई भराभर रिकामी होऊ लागली. रावसाहेब नवलकर नावाच्या पेन्शनीतल्या गृहस्थांनी बंगला विकत घेतला आणि ते येऊन उतरले. सोबत माईसाहेब, अकरा ट्रंका, एक ग्रामोफोन आणि चिनी मातीच्या तबकांत लावलेली दोन वीतभर झाडं, वाटेतच वाळलेली. झाडं जपानी. ज्यांच्या बॉम्बला भिऊन हा माणूस पळाला, त्यांचीच झाडं मांडीवर घेऊन आला होता! मोठ्या जातीचं झाड छाटून, बांधून लहानशा तबकात वाढवायचं अशी ही विद्या. रावसाहेब तिला 'बोन्साय' म्हणत. माईसाहेब खिडकीबाहेर बघून घेत आणि कुजबुजत, "हळू बोला. फौजदाराच्या कानावर गेलं तर हेर म्हणून धरून नेईल. चिनी म्हणा, चिनी."

बंगल्याच्या फाटकावर इंजिनियर साहेबाने लावलेली बोगनवेल होती. दहा वर्षांची, माजलेली, राणी रंगाची. रावसाहेबांचं पहिलं स्वागत तिने केलं. ते फाटकातून आत आले, धोतराचा सोगा काट्यात अडकला, रावसाहेब पुढे गेले आणि धोतर मागे राहिलं. हार घेऊन उभे असलेले दहिवलीचे चार प्रतिष्ठित लोक एकदम डोंगराकडे बघायला लागले.

"उपट ती!" हा रावसाहेबांचा नव्या घरातला पहिला हुकूम.

पोपट आणि ठाकूरवाडीहून रोजावर येणारा पोशा दोन दिवस खणत होते. बुंधा मांडीएवढा जाड निघाला. रावसाहेब म्हणाले, जाळा. पोशाने घाम पुसला, बुंध्याला पायाने हलवलं आणि म्हणाला, "जाळून काय हुतंय? ही मरायची नाय. तोड, जाळ, उलटी लाव. हिला जेवढी छळशील तेवढी फुलंल."

पोपटाने करवतीने बुंधा वीतभर ठेवला, मुळं छाटली, आणि त्याला लावायला पसरट भांडं शोधू लागला. रावसाहेबांच्या चिनी तबकांना हात लावायची सोय नव्हती. मग त्याला घरातली काठवट आठवली.

बायजा नदीवरून धुणं घेऊन आली तर चुलीपाशी काठवट नाही. ती थेट बागेत आली. काठवट सापडली. तिच्यात माती होती, मातीत एक थोटूक होतं, आणि खाली पाणी ठिबकत होतं.

"अवो, काठवटीला भोकं कोनी पाडली?"

"मी."

"कशापायी?"

"पानी निघाया नगं? मुळं कुजतील की."

"आनि मी पीठ मळलं म्हंजे? ते बी निघंल ना भोकांतनं! माज्या आईनं दिल्याली काठवट ती!"

"तुजी आई बी म्हनाली असती, झाड जगतंय तर जगू दे."

"माजी आई काय म्हनाली असती ते सांगू? हितं, चार मानसांत?"

पोपटाने ते ऐकायचं नाकारलं. त्या दिवसापासून बायजाने भाकऱ्या परातीत थापल्या आणि प्रत्येक भाकरीबरोबर त्या झाडाचा उद्धार केला.

थोटकाला महिनाभरात फुटवे आले. रावसाहेबांनी ते पाहिलं आणि झाडाचा ताबा घेतला. "अरे, हे तर बोन्साय!" म्हणत त्यांनी काठवट दिवाणखान्यात नेली. नाव त्यांचं झालं, मेहनत पोपटाची राहिली. दर ज्येष्ठात तो झाड काठवटीतून काढायचा, मुळं विंचरायचा, तिसरा हिस्सा कापायचा, नदीची रेती, विटांचा चुरा आणि जुनं शेणखत घालून पुन्हा बसवायचा. फांद्यांना सुतळीने दगड टांगून त्यांना वळण लावायचा. चार पावसाळ्यांत त्या थोटकाचं काय झालं म्हणता! खोड म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं गाठाळ, आणि वरून एकच फांदी डावीकडे झुकलेली, एखादी बाई होडीतून उतरताना कुणाचा तरी हात शोधते तशी. पोपटाने त्या वेलीचं नाव ठेवलं, बुटकी. आयुष्यात त्याने इतरांच्या कामातल्या चुका पुष्कळ दाखवल्या होत्या. स्वतःच्या हातांनी घडवलेलं असं हे एकच होतं.

पण बुटकी फुलत नव्हती. चार वर्षांत एक पाकळी नाही.

याचं कारण एक पुस्तक. इंग्लंडातल्या कुणा मडमेने लिहिलेलं, लाल पुठ्ठ्याचं. मडम म्हणे, थंडीची चाहूल लागताच झाड घरात घ्यावे, विस्तवाजवळ ठेवावे, बर्फापासून जपावे. आता कर्जतला बर्फ मिळायचा तो स्टेशनाबाहेरच्या सोड्याच्या दुकानात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तो बुटकीच्या अंगावर येण्याची शक्यता कमी होती. पण रावसाहेब पुस्तकाबाहेर जाणारे नव्हते. दर कार्तिकात झाड दिवाणखान्यात, शेजारी शेगडी, अंगावर शाल, आणि माईसाहेबांचा दयाळू हात दिवसातून दोनदा पाणी घालायला तयार. फाटकावर असताना याच वेलीला पावसाळ्यानंतर कुणी थेंब दिला नव्हता, आणि पौषापासून शिमग्यापर्यंत ती अंगावरचं हिरवं पान दिसू देत नव्हती. पोपटाने नऊ वर्षं ते बघितलं होतं. एकदा तो तसं बोलला.

रावसाहेबांनी चष्मा वर केला. "पोपट, तुला इंग्रजी येतं?"

पोपटाच्या तोंडून शब्द फुटला नाही. असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

मग लढाई संपली. शेहेचाळीसच्या दिवाळीत रावसाहेबांनी मुंबईला परत जायचं ठरवलं. मुलीचं बाळंतपण होतं, म्हणून तुळशीचं लग्न उरकून दोघं आधी निघाले. निघताना रावसाहेब म्हणाले, "रथसप्तमीला सामान न्यायला येईन. तोवर पुस्तकाप्रमाणे सगळं कर. शेगडी, शाल, रोज पाणी. हा शेवटचा हिवाळा. या वेळी फुललं तर झाड मी गिरगावात नेतो. नाही फुललं तर तू घे, नाहीतर चुलीत घाल."

टांगा गेला. पोपट फाटकात उभा राहिला आणि हसायला लागला. मालकाचा हुकूम तंतोतंत पाळायचा की बुटकी आपली! आजवर हुकूम मोडून नोकऱ्या घालवल्या. आता हुकूम पाळून झाड मिळणार होतं. त्याने घरी जाऊन बायजाला सांगितलं.

बायजाने हिशेब लगेच मांडला. "म्हंजे फुललं तर माजी काठवट ममईला."

"व्हय."

"आनि नाय फुललं तर झाड आपल्या घरात, काठवटीतच."

"व्हय."

"मग माजी काठवट दोनी बाजूनं गेली की वो!"

पोपटाने या विषयावर जास्त बोलणं टाळलं.

तर पडदा वर गेला तेव्हा हे असं चाललं होतं. रोज सकाळी झारी, रोज शेगडी, रोज शाल. कमाल आज्ञाधारक माळी. बुटकीला हिरवीगार पानं आली, भाजीसारखी. फांद्यांमधून लांब, पिवळट कोंब निघाले आणि उजेड शोधत खिडकीकडे सरपटू लागले.

शेजारच्या बंगल्यावर सखा नावाचा माळी होता. त्याचे डेलिया बशीएवढे, झेंडू नारळाएवढे. निदान तो तसं सांगायचा. एका सकाळी तो खिडकीशी आला.

"पोपट्या, काय रं हे काठवटीत? कोबी?"

"बोगनवेल हाय."

"आसंल, आसंल. भाजीला कवा चिरतुयास?"

दुसऱ्या दिवशी सखा एकटा आला नाही. बाजाराला निघालेली पाच-सात माणसं त्याने खिडकीशी उभी केली. "बगा, बगा. शाल पांघरल्याला कोबी. ह्येला पडसं झालंय." माणसं हसली. एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, ह्येला काढा पाजा." एकाने विचारलं, "चार वरसं झाली म्हनं? नि फुलत नाय? मग माळी कशाला ठेवलाय रं?"

पोपट हसला. त्याने अकरा दिवस हसून काढले. आपल्याला काय करायचंय, हसू देत, माघात बुटकी आपली. रोज तो स्वतःला हेच सांगायचा आणि रोज झारी घालताना त्याचे हात जड व्हायचे. एखाद्या गुणी नटीला, जिच्या पायांत सगळा तालमीचा जोर भरलेला आहे, तिला विंगेत खुर्चीवर बसवावं, घोंगडं पांघरावं, वर दूध पाजत राहावं आणि बाहेर प्रेक्षकांनी ओरडावं की हिला नाचता येत नाही. दूध पाजणारा हात आपलाच! किती दिवस हे सोसेल?

बाराव्या दिवशी सखाने खिडकीतून कोबीचा एक गड्डा आत ठेवला. म्हणाला, "जोडीला."

पोपटाने शाल ओढून काढली. शेगडीत पाणी ओतलं. काठवट उचलली, मागच्या बाजूला विहिरीवरच्या दगडी टाकीवर नेऊन ठेवली, जिथे दिवसभर ऊन तापत असे. पिवळट कोंब सगळे छाटले. झारी उलटी करून ठेवली आणि सखाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आता बग."

आठ दिवसांत पानं मलूल झाली. पंधरा दिवसांत झडायला लागली. पोपट दिवसातून दहा वेळा टाकीवर चढून माती चाचपायचा. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. माती ओली लागली. दुसऱ्या दिवशीही ओली. तिसऱ्या दिवशीही. पोपटाने सखावर संशय घेतला, मग दवावर. चौथ्या सकाळी तो टाकीमागे दबा धरून बसला.

बायजा आंघोळ करून ओल्या केसांनी आली. तुळशीला पाणी घातलं, तीन फेऱ्या मारल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. तांब्यात पाणी उरलं होतं. ती टाकीशी आली, पदर सावरला आणि उरलेलं पाणी काठवटीत रिकामं केलं.

"बायजे!"

बायजा दचकली, पण तांब्या सोडला नाही. "काय झालं वरडाया?"

"पंधरा दिस मी तिला तानेली ठेवतुय आनि तू पानी घालतीस?"

"मग? दारात तुळशीला पानी घालायचं आनि सा हातांवर एक झाड पान्याबिगर मरतंय ते बघायचं? पाप लागतंय."

"पाप माज्या नावावर टाक."

"तुमच्या नावावर आता जागा कुठं हाय?"

पोपट टाकीमागून बाहेर आला आणि तिच्याशी प्रथमच हळू आवाजात बोलला. "बायजे, आइक. ही पानी प्यायली की पानांचा संसार मांडती. तानेली की नटती. हिची रीतच तशी हाय. फाटकावर बघितली नाय तू?"

बायजाने झाडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आनि फुलली तर रावसाब नेनार तिला. ठाव हाय ना?"

"ठाव हाय."

"मग ह्यो उपद्व्याप कशापायी?"

पोपट म्हणाला, "सख्या लई बोलतुय गं."

बायजाने तांब्या कडेवर घेतला. "सख्या बोलतुय! आनि तुमी मुके!" पण दुसऱ्या दिवसापासून उरलेलं पाणी ती शेवग्याला घालू लागली.

पौष निम्मा सरला आणि बुटकी पुरती बोडकी झाली. एक पान नाही. नुसता गुडघा आणि काटे. सखा कुंपणाशी आला आणि टोपी काढून उभा राहिला, मयताला राहतात तसा. पोपटाने घाईघाईने खोड चाचपलं. आपला टेंभा मिरवण्यापायी आपण मारली हिला? त्याने पोशाला बोलावणं धाडलं. पोशा मोळी टाकून आला, खोडाला नख लावून साल थोडी खरवडली. खाली हिरवं होतं.

"जित्ती हाय," पोशा म्हणाला. "रुसल्याली हाय. हात लावू नगंस."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोपट टाकीवर चढला आणि तसाच उभा राहिला. काटेरी फांद्यांच्या टोकांना मसुरीच्या दाण्याएवढे तांबूस ठिपके आले होते. एक, दोन, सात, मग मोजणंच सुटलं. त्याने आता थोडं थोडं पाणी द्यायला सुरुवात केली, चुळीएवढं. ठिपक्यांची बोंडं झाली, बोंडं उलगडली. कागदासारखी पातळ, राणी रंगाची. आठवड्याभरात खोड दिसेनासं झालं, काटे दिसेनासे झाले. दीड वीत झाड, आणि त्यावर एवढा रंग की टाकीमागची चुन्याची भिंतसुद्धा लाजल्यासारखी गुलाबी दिसू लागली.

लोक आले. दहिवलीचे आले, कर्जत बाजारातले आले, मालगाडीचा एक गार्ड खास उतरून आला. कुणी काही बोलत नव्हतं. सखा सर्वांत शेवटी आला. मग त्याने घसा खाकरला.

"पोपटदादा, खत कसलं घातलंस रं?"

"काय बी नाय."

"सांग की. मी कुनाला सांगनार नाय."

"उपास घडवला."

सखाला ती थट्टा वाटली. तो आठ दिवस रागावून होता.

रथसप्तमीची पहाट. पोपटाने काठवट परत दिवाणखान्यात आणली, टिपॉयवर ठेवली, शेगडी पेटवली, शाल घडी करून शेजारी मांडली. रावसाहेबांना सगळं पुस्तकाप्रमाणे दिसायला हवं होतं. हुकूम मोडल्याचं कळलं तर नोकरीबरोबर मागच्या दोन खोल्याही जाणार होत्या. मग तो आत गेला आणि बागेची कात्री घेऊन आला. अर्ध्या घटकेचं काम. सगळी फुलं छाटायची, केरात टाकायची. रावसाहेब येतील, बोडकं झाड बघतील, म्हणतील, ने.

बायजा दारात उभी होती. "कापा की."

पोपटाने कात्री उघडली.

"कापा. न्हाय तर मी कापते. माजी काठवट तरी ऱ्हाईल."

त्याने झुकलेल्या फांदीच्या टोकाशी कात्री नेली. मिटली. खाली पडली ती एक वाळकी काडी.

"बायजे," तो म्हणाला, "पयल्यांदाच आसं झालंय बग. मी केलं, आनि लोक गप बसून बगत्यात. हे मी कसं कापू?"

बायजाने त्याच्या हातातून कात्री काढून घेतली आणि ती खुंटीला अडकवून आली. काठवटीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिच्या संसारात तिने पोपटाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होती, आणि पोपटाच्या ती लक्षातही आली नाही.

रावसाहेब आले. दारातच थबकले. मग ओरडले, "अहो! अहो, या लवकर!" माईसाहेब धावत आल्या. रावसाहेबांनी ट्रंकेतून लाल पुस्तक काढलं आणि छातीशी धरलं. "बघितलंत? चार वर्षं श्रद्धेने केलं. शेगडी, शाल, रोज पाणी! पुस्तक म्हणजे पुस्तक. पोपट, तुला त्या वेळी काय वाटलं होतं? उन्हात ठेवा, पाणी तोडा! हा हा हा!"

पोपट हसला.

"पण तू हुकूम पाळलास हे मी विसरणार नाही. बंगला मी एका डॉक्टरांना विकलाय. त्यांना चिठ्ठी लिहून ठेवलीय, की हा माळी प्रामाणिक आहे, सांगितलेलं शब्दशः करतो, याला खोल्यांसकट ठेवा. स्टेशनात देतो तुझ्या हातात."

दिवसभर पोपट ट्रंका बांधत होता आणि गप्प होता. बायजाने दोनदा त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

घाट उतरून आलेली गाडी कर्जतला दम खायला उभी राहते. रावसाहेबांचा सेकंड क्लासचा डबा. ट्रंका चढल्या, ग्रामोफोन चढला, आणि पोपटाने काठवट स्वतःच्या हाताने खिडकीशी बाकावर ठेवली. फलाटावरची माणसं चहा विसरून बघू लागली. रावसाहेबांनी खिशातून पाकीट काढून हातात धरलं.

"आता बघ," ते म्हणाले, "गिरगावात दिवाणखान्याच्या आतल्या खोलीत जागा केलीय. वारा नाही, ऊन नाही. बारा महिने."

"आणि मी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालणार," माईसाहेब म्हणाल्या. त्यांनी प्रवासाच्या फिरकीच्या तांब्याचं झाकण उघडलं. "आत्तासुद्धा केवढी तहान लागली असेल हिला." आणि पोपटाच्या डोळ्यांदेखत त्यांनी धार धरली.

काठवटीच्या मातीवर पाणी तुंबलं. पोपटाने आधी त्या पाण्याकडे पाहिलं, मग रावसाहेबांच्या हातातल्या पाकिटाकडे. फलाटाच्या टोकाला गार्डाने शिट्टी फुंकली.

"रावसाब," तो म्हणाला, "ते पुस्तक चुलीत घाला."

"काय?"

"मी तुमचा हुकूम मोडला. शाल काढली, शेगडी इझवली. दीड महिना उन्हात ठेवली, थेंब पाजला नाय. पार बोडकी केली, तवा फुलली. चार वरसं तुमी तिला लाडानं मारत व्हता आनि मी बगत व्हतो."

रावसाहेबांचा चेहरा पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला. "म्हणजे तू माझं ऐकलं नाहीस?"

"नाय."

"आणि सकाळी मला हसू दिलंस?"

"दिलं. चुकी झाली."

रावसाहेबांनी पाकीट परत खिशात ठेवलं, कोटाच्या आतल्या. मागे बायजाने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. गाडीला हिसका बसला, बुटकीच्या चार पाकळ्या खिडकीतून फलाटावर उडाल्या, आणि माईसाहेब काय बोलावं ते न सुचून पुन्हा तांब्या कलता करू लागल्या. पोपटाने पाकिटाकडे पाहिलं नाही. तो डब्याबरोबर धावू लागला, खिडकीचे गज धरून, आणि गाडीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला:

"गॅलरीत ठेवा, उन्हात! पाऊस सरला की पानी तोडा! पानं झडली तर भिऊ नगा, रडू बी नगा! आनि माईसाब, तो तांब्या आदी खाली ठेवा!"